सत्तावीस दिवसांची हजेरी

देवराम मेंगाळ ऑफिसात माझ्यापासून नऊ पावलांवर बसायचे. बांधकामाच्या नकाशांवरून काँक्रीट किती, सळई किती, टाइल्स किती हे काढून देणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे पावलंसुद्धा नकळत मोजली जातात. आमच्या मधे पाण्याचा कूलर, झेरॉक्सचं मशीन आणि मग त्यांचं काउंटर. प्रोजेक्टचा प्रत्येक कागद त्या काउंटरवरून आत यायचा आणि तिथूनच बाहेर जायचा. पद डॉक्युमेंट कंट्रोलर. दोहात अशा पदावरची माणसं चार-पाच वर्षांत दुसरी कंपनी धरतात. मेंगाळ त्याच काउंटरवर चौदा वर्षं होते. त्यातली अकरा मी पाहिली.

कागद आला की त्यावर तारखेचा शिक्का मारायचा, नंबर द्यायचा, फाइलला लावायचा. नकाशाची नवी आवृत्ती आली तरी जुनी ते फाडू द्यायचे नाहीत. तिच्यावर रद्द झाल्याचा लाल शिक्का मारून ती मागच्या कपाटात ठेवायचे. कपाटं भरली तेव्हा मॅनेजरनी हे सगळं टाकून द्यायला सांगितलं. मेंगाळ म्हणाले, “साहेब, चुकलेला कागदही राहिला पाहिजे. नाही तर चूक झाली होती हे कळणार कसे?” मॅनेजरनी आणखी दोन कपाटं मागवली.

एकदा एका ठेकेदाराचा माणूस काकुळतीला आला. कागद एक दिवस उशिरा आला होता, आदल्या दिवसाची तारीख मारून हवी होती. मेंगाळांनी विचारलं, “आज कोणता वार आहे?”

“मंगळवार.”

“मग मंगळवारच लागेल.”

त्यांचं मराठी छापील होतं. ‘जेवलो’ न म्हणता ‘भोजन झाले’ म्हणायचे. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘कृपया’ हे शब्द त्यांच्या तोंडी सहज यायचे. घरची बोली ठाकरी. ते नगर जिल्ह्यातल्या डोंगरातल्या एका ठाकरवाडीचे. पहिलीपासून आश्रमशाळेत राहिले आणि तिथे घरचं बोललं की सर छडी मारायचे. “माणसासारखे बोल, असे म्हणायचे,” हे त्यांनी मला हसत सांगितलं होतं. “मग मी पुस्तकासारखे बोलायला लागलो. पुस्तक कोणी मारत नाही.”

आमच्या स्टोअरचा रियाज मुकादम रत्नागिरीकडचा. त्याला या मराठीची भारी गंमत वाटायची.

“मेंगाळभाय, सदर चाय थंड होतेय. उपरोक्त बिस्किटं खलास.”

“सदर बिस्किटे आपणच संपविलीत,” मेंगाळ फाइलीतून मान वर न करता म्हणायचे.

हा रियाज आणि मेंगाळ रोज एकत्र चहा प्यायचे. म्हणून तो फायर ड्रिलचा प्रसंग आम्हा सगळ्यांनाच चमत्कारिक वाटला.

सहा महिन्यांतून एकदा घंटा वाजते, सगळे जिने उतरून पार्किंगमध्ये जमतात आणि एचआरची मुलगी यादीतली नावं वाचते. त्या दिवशी ऊन रणरणत होतं, एकूण त्रेसष्ट जण होतो आणि प्रत्येकाला लवकर आत जायचं होतं. मेंगाळांचं नाव आलं तेव्हा ते नेहमीप्रमाणे दोन्ही हात सरळ खाली सोडून, ताठ उभे राहून म्हणाले, “हजर.” इतकी वर्षं इंग्रजी ऑफिसात काढूनही हजेरीला त्यांच्या तोंडून तेवढं एकच उत्तर यायचं. लोक हसले. मग थॉमसचं नाव आलं. थॉमस कुठे तरी सिगारेट ओढत असणार. रियाज आवाज बारीक करून ओरडला, “प्रेझेंट, मॅडम!”

मेंगाळ रांगेतून बाहेर आले.

“कोण बोलले?”

“अरे भाय, यल्ला, चला लवकर, उन्हात जीव जातोय.”

“थॉमस इथे नाही. खोडा ते.” हे त्यांनी त्या मुलीला इंग्रजीत सांगितलं आणि तिच्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं. ती म्हणाली, नुसतं ड्रिल आहे, खरी आग नाही. “जो नाही त्याच्यापुढे हजर लिहायचे नाही,” ते परत म्हणाले. या वेळी मराठीत, आणि इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या इमारतीचा वॉचमन बघायला लागला. त्यांनी कागदावरचं बोट उचललं नाही.

“मस्करी होती, भाय,” रियाज म्हणाला.

“मस्करी करा. हजेरीत करू नका.”

चार दिवस ते रियाजशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी स्वतःच बिस्किटांचा पुडा घेऊन त्याच्याकडे गेले. का चिडले होते हे सांगितलं नाही, आणि रियाजनंही विचारलं नाही.

वाढदिवसाच्या केकचंही असंच. पासपोर्टावर त्यांची जन्मतारीख एक जून. एचआरनं एकदा केक आणला, तर मेंगाळ कापायला तयार होईनात. मी बाजूला घेऊन विचारलं. म्हणाले, “साळवी साहेब, आमच्या वर्गात बेचाळीस मुले होती. बेचाळीस जणांचा वाढदिवस एक जूनला. सरांनी एकाच बैठकीत सगळ्यांना जन्माला घातले. एवढ्यांना पुरेल असा केक कुठून आणणार?”

नावंही त्याच बैठकीत मिळाली होती. घरी त्यांना काळू म्हणायचे. रजिस्टरात देवराम झाले.

महिन्यातून एका शुक्रवारी ते ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या घरी जेवायला यायचे. जेवताना डावा हात ताटाभोवती कुंपणासारखा ठेवायचे आणि सहा-सात मिनिटांत ताट स्वच्छ करून, नको नको म्हणत असताना स्वतः धुऊन ठेवायचे. माझी मुलगी त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची, ते तिला मराठीत उत्तर द्यायचे आणि दोघांचं छान चालायचं. ते गेल्यावर वृंदा, म्हणजे माझी बायको, एकदा म्हणाली, “त्यांचा तो हात पाहिलास? कुणी तरी पानातलं ओढून घेईल असं अजून वाटतं त्यांना.” मी अकरा वर्षं माणूस पाहत होतो, माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

त्यांचा एकच शौक, टपालाची तिकिटं. ऑफिसच्या पोस्ट बॉक्समध्ये येणारी पत्रं तेच वाटायचे, आणि लिफाफ्यावरचं तिकीट त्यांना द्यायचं अशी सगळ्यांशी बोली होती. आता पत्रं राहिली नाहीत. महिन्याला पाच-सात लिफाफे यायचे, त्यातही बरेचसे बँकेचे, विनातिकिटाचे. जे मिळायचं ते मेंगाळ पँट्रीत कोमट पाण्याच्या बशीत भिजत ठेवायचे, चिमट्यानं अलगद सोडवायचे, वर्तमानपत्रावर पालथं वाळवायचे आणि बांधकामाच्या नियमांच्या सगळ्यात जाड पुस्तकात दाबून ठेवायचे. ते पुस्तक दुसऱ्या कोणी उघडत नसे.

फरीज बिन ओमरान या वस्तीत ते दोन केरळी माणसांबरोबर एका खोलीत राहायचे. तिथे मी त्यांचे अल्बम पाहिले आहेत, तीन अल्बम. पुढाऱ्यांची तिकिटं ते ठेवत नसत. पक्षी नाहीत, फुलं नाहीत. फक्त इमारती: पूल, धरणं, पोस्ट ऑफिसं, स्टेशनं, शाळा. शाळांची पानं वेगळी होती. “शाळेच्या तिकिटावर मुले कधीच नसतात,” त्यांनी मला दाखवलं होतं. “इमारत असते. शंभर वर्षे झाली म्हणून काढलेले असते.”

त्यामुळेच तो घोटाळा झाला.

आमच्या मजल्यावर कॅथरिन नावाची कॅनडाची इंजिनिअर होती, पन्नाशीची. तिची आई तिला अजून हातानं लिहिलेली पत्रं पाठवायची. एका पत्रावर मेंगाळांना नवीन तिकीट दिसलं. एका जुन्या शाळेचा फोटो, रंग मळके. ते खुशीत तिच्या टेबलाशी गेले. मी तिथेच तिला टाइल्सचे आकडे समजावत होतो.

“अभिनंदन, मॅडम. तुमच्या गावची शाळा? शंभर वर्षे झाली?”

कॅथरिननं तिकीट पाहिलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, “मिस्टर मेंगाळ, हे कौतुकाचं तिकीट नाही.”

तिनं सांगितलं ते मी आठवेल तसं लिहितो. तिच्या देशात तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांना घरांतून उचलून अशा निवासी शाळांत ठेवत. केस कापत, नावं बदलत, घरची भाषा बोललं की मारत. बरीच मुलं घरी परत गेलीच नाहीत. काहींना कुठे पुरलं हे घरच्यांना आजही माहीत नाही. हे झालं होतं, आणि आपल्या देशात झालं होतं, हे लोकांसमोर राहावं म्हणून त्यांच्या टपाल खात्यानं ही तिकिटं काढली आहेत. शेवटी ती म्हणाली, “माझी आजी अशाच एका शाळेत स्वयंपाकाला होती. तिनं आयुष्यात कधी त्याबद्दल एक शब्द काढला नाही.”

मेंगाळ तिकिटाकडे बघत उभे होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“मुलांची रजिस्टरे ठेवली आहेत त्यांनी?”

“काही आहेत. काही नाहीत.”

“हं,” म्हणाले आणि काउंटरवर परत गेले. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. कॅथरिननं पुढच्या महिन्यात आईकडून त्या तऱ्हेची आणखी तीन तिकिटं मागवून त्यांना दिली. त्यांनी ती पहिल्या तिकिटाबरोबर एका नव्या पानावर ओळीनं लावली. त्याखाली पाचवा खिसा रिकामा सोडला होता.

“ही जागा?” मी विचारलं.

“ठेवली आहे,” एवढंच म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी ते जेवायला आले तेव्हा हातात एक निळी फाइल होती. ताट धुऊन झाल्यावर ती माझ्यासमोर ठेवून म्हणाले, “साळवी साहेब, तुमचे ड्राफ्टिंग चांगले आहे. मला एक शब्द बदलून घ्यायचा आहे.”

मग मला बुधी कळली.

बुधी त्यांची धाकटी बहीण, बुधवारी झाली म्हणून बुधी. आश्रमशाळेच्या रजिस्टरात सुनंदा. ते पाचवीत होते आणि ती दुसरीत. थंडीच्या दिवसांत तिला ताप आला. रात्री ज्या वर्गात मुली जमिनीवर झोपायच्या तिथेच ती तीन दिवस पडून होती. चौथ्या दिवशी, आठवड्याच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी ती गेली. आई-वडिलांना निरोप मिळाला होता, ते तासाभरापूर्वीच पोचले होते. मेंगाळांना मुलींच्या वर्गात सोडलं नव्हतं. वडील तिला खांद्यावर घेऊन डोंगर चढले. शाळेच्या जनरल रजिस्टरात तिच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं आहे: सतत गैरहजर, सबब नाव कमी केले.

“म्हणजे ती पळून गेली, असे लिहिले आहे,” मेंगाळ म्हणाले. “आई वाडीत ज्याला त्याला विचारते, माझ्या पोरीचं नाव अजून पळपुटीतच हाय का? मला तिथे एक शब्द हवा आहे. मयत. बाकी काही नको, नुकसानभरपाई नको, चौकशी नको. ते सर वारले, माझे वडीलही वारले. फक्त मयत.”

फाइलीत त्यांनी पूर्वी सरकारी कार्यालयाला पाठवलेल्या सात अर्जांच्या प्रती होत्या. एकालाही उत्तर नव्हतं. शेवटचा अर्ज सहा वर्षांपूर्वीचा. त्यानंतर त्यांनी नाद सोडला होता.

“मग आता परत?” वृंदानं विचारलं.

“वहिनी, त्यांच्या सरकारला तिकिटावर छापता येते. माझ्या सरकारला रकान्यात एक शब्द लिहिता येऊ नये?”

आठवा अर्ज मी तयार केला. मुद्दे क्रमवार, सोबत जोडलेल्या कागदांची यादी, मृत्यूचा दिनांक ठळक. बहिणीचं नाव ‘सुनंदा ऊर्फ बुधी’ असं दोन्ही घालायला त्यांनी लावलं. रजिस्टर पोस्टानं पाठवायला मी त्यांच्याबरोबर गेलो. त्यांनी लिफाफ्यावर तिकिटं स्वतः चिकटवली आणि खिडकीतल्या माणसाला विनंती केली की शिक्का नीट मारा, तारीख वाचता आली पाहिजे. त्यानं मारला. मेंगाळांनी लिफाफा मागून घेऊन तारीख वाचली, मगच परत दिला.

या वेळी अडीच महिन्यांत उत्तर आलं. एक पानभर. त्यातली दोन वाक्यं मला पाठ आहेत. ‘जनरल रजिस्टरमधील नोंदीनुसार सदर विद्यार्थिनी अर्जात नमूद दिनांकानंतर सत्तावीस दिवस शाळेत हजर होती. सबब ती नमूद दिनांकास मयत झाली असे मानता येत नाही.’

मी अर्जातली तारीख आणि पत्रातली शेवटच्या हजेरीची तारीख मांडून दिवस मोजले. सत्तावीसच भरले. मला वाटलं, इतकी वर्षं झाली, अकरा वर्षांच्या मुलाची आठवण, महिना इकडचा तिकडे झाला असेल. त्या शुक्रवारी मी त्यांना तसं म्हटलं. “मेंगाळ, तारीख त्यांचीच धरू. अठ्ठाविसाव्या दिवशी गेली असं लिहू. तुम्हाला शब्द तर मिळेल.”

“तारीख बरोबर आहे.”

“पण हजेरी?”

त्यांनी उत्तराचा कागद घडी घालून फाइलीत ठेवला. फाइलीची नाडी बांधली. परत सोडली.

“ते सत्तावीस ‘ह’ माझ्या हातचे आहेत,” ते म्हणाले.

वृंदा स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

“माझे अक्षर शाळेत सर्वांत चांगले होते. वसतिगृहाची हजेरी सर माझ्याकडून लिहून घ्यायचे. बुधीला बाबांनी नेले, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी नावे लिहीत तिच्या नावापाशी आलो आणि थांबलो. सर म्हणाले, ‘ह’ लिही. तपासणी यायची होती. मुलांचा आकडा भरलेला दिसायला हवा होता. मी लिहिले. त्यांनी मला त्यांचे पेन वापरायला दिले होते.” त्यांनी नाडी परत बांधायला घेतली. “तीन-चार दिवस त्या ओळीपाशी पेन अडायचे. मग सवय झाली. साहेब, मला तिची सवय झाली. इतर कुठेच ती नव्हती, पण रोज सकाळी त्या ओळीत यायची. तपासणी झाली आणि सर म्हणाले, आता ‘ग’ लिहायला लाग. त्या दिवशी मी रडलो. आधी रडलो नव्हतो.”

मी म्हटलं, “तुमची काय चूक त्यात? तुम्ही अकरा वर्षांचे होतात.”

“अक्षर माझेच होते.”

नववा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. मी तो फक्त वाचला. सगळं लिहिलं होतं: पेन, सर, सत्तावीस दिवस. खाली ‘खोटी नोंद करणारा, देवराम मंगळा मेंगाळ’. ते शब्द काढा असं मी म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. ऑफिसात त्यांनी रियाजला चहाच्या वेळी ते सगळं सांगितलं असावं, कारण त्या दुपारी रियाज त्यांच्या काउंटरपाशी नुसताच बराच वेळ उभा राहिलेला मी पाहिला. एकही टोमणा मारला नाही. जाताना म्हणाला, “भाय, तुमची बिस्किटं मी उद्या आणतो.”

पावणेतीन महिन्यांनी उत्तर आलं. मूळ हजेरीपट जतन करण्याची मुदत संपल्यानं नष्ट केले होते, त्यामुळे अर्जदाराचं म्हणणं पडताळता येत नव्हतं. मात्र मृत्यूच्या वेळी समक्ष हजर असलेल्या जवळच्या नातेवाइकाचं शपथपत्र सादर केल्यास शेऱ्यातल्या दुरुस्तीचा विचार करता येईल.

मेंगाळांनी तो कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला. नऊ पावलं त्यांनी जवळजवळ धावत पार केली होती. अकरा वर्षांत मी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं.

“आई आहे,” ते म्हणाले. “आई समक्ष होती. आईचा अंगठा घ्यायचा.”

आई ऐंशीच्या पुढची होती. नक्की वय कोणालाच माहीत नव्हतं, तिला तर एक जूनसुद्धा मिळाला नव्हता. वडील गेलेले, सर गेलेले. बुधीचा शेवट पाहिलेली तेवढी एकच व्यक्ती उरली होती.

ते त्याच आठवड्यात निघणार होते. पण आमचं प्रोजेक्ट संपत आलं होतं आणि सगळे नकाशे, सगळी कागदपत्रं मालकाच्या ताब्यात द्यायची होती. चौदा वर्षांची कपाटं. त्यांच्याशिवाय कोणाला काही सापडलं नसतं. मॅनेजर म्हणाले, एवढं उरकून जा. मेंगाळ मला विचारायला आले. मी कॅलेंडर पाहिलं आणि म्हणालो, “सोळा दिवसांचा प्रश्न आहे. ताबा देऊनच जा. मागे काही लोंबकळत राहायला नको.”

हा हिशेब माझा. तो मी दुसऱ्या कोणावर ढकलत नाही.

त्या दिवसांत ते खुशीत होते, त्यांच्या मानानं. शपथपत्राचा मजकूर आम्ही मिळून केला. रोज आईशी फोनवर बोलायचे, त्यांच्या ठाकरीत, भरभर आणि मोठ्यानं. पुस्तकाबाहेरचे मेंगाळ मी तेव्हाच ऐकले. बिन ओमरानच्या स्टेशनरीच्या दुकानातून त्यांनी शाईचं एक नवं पॅड आणलं, निळं, सेलोफेनमध्ये बंद. काउंटरवर अर्धा डझन पॅडं असताना. मी तसं म्हटलं तर म्हणाले, “ते कंपनीचे आहे. आईचा अंगठा नव्या शाईत उमटावा.”

तेराव्या दिवशी दुपारी सव्वाबाराला मला एका अनोळखी नंबरावरून फोन आला. मेंगाळांचा पुतण्या कैलास. अडीअडचणीला म्हणून काकांनी माझा नंबर घरी देऊन ठेवला होता.

“साळवीकाका ना? आजी गेली, सकाळी. झोपेतच.” मागून बायकांचा आवाज येत होता. “काकांना सांगू नका. एकट्यानं एवढा प्रवास, विमानात काही झालं तर? तब्येत बरी नाही, बोलावलंय, एवढंच म्हणा. लवकर पाठवा. माती आज संध्याकाळीच करतोय, तोवर पोचायचे नाहीतच ते.”

“अहो, पण त्यांना...”

“आम्ही उतरवून घ्यायला जातो ना. इथं आल्यावर सांगू. तुमच्या पाया पडतो, काका.”

आखातात राहणाऱ्या प्रत्येकाला हा फोन ठाऊक आहे. कधी तो आपल्याबद्दल दुसऱ्याला येतो, कधी दुसऱ्याबद्दल आपल्याला. मीही दोनदा तो निरोप असाच दिलेला आहे, बिनदिक्कत. मी नऊ पावलं चालत गेलो आणि सांगितलं, आईची तब्येत जरा बिघडली आहे, घरच्यांनी बोलावलं आहे, उरलेला ताबा मी आणि रियाज बघतो. त्यांनी हातातला कागद संपवला. शिक्का मारला, नंबर दिला, फाइलला लावला. मग शिक्क्याची तारीख पुढच्या दिवसावर फिरवून ठेवली, सकाळी येणाऱ्याला त्रास नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान मिळालं. मी त्यांना सोडायला गेलो. एक बॅग, खांद्याच्या पिशवीत शाळांची पानं असलेला तिसरा अल्बम आणि निळी फाइल. शाईचं पॅड शर्टाच्या खिशात होतं, खिसा चौकोनी फुगला होता. गाडीत बराच वेळ ते शपथपत्र पुटपुटत होते: मी खाली अंगठा करणारी, वय अंदाजे ऐंशी, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की... एक-दोनदा त्यांनी घरी फोन लावला. कोणी उचलला नाही.

बॅग दिली, बोर्डिंग पास मिळाला. जिथून पुढे सोडायला आलेल्यांना जाता येत नाही तिथे आम्ही थांबलो. माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी जात होती. त्यांनी पिशवी नीट केली आणि माझ्याकडे वळून विचारलं.

“साळवी साहेब, आई आहे ना?”

“आहेत,” मी म्हणालो. “वाट बघतायत.”

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नव्हे. एखाद्या कागदावरची तारीख वाचायला लागतो तेवढाच वेळ त्यांना लागला असेल. मग त्यांनी खिशातून ते शाईचं पॅड काढलं आणि माझ्या हातात ठेवलं.

“विमानात शाई नेऊ देत नाहीत, असे म्हणतात,” ते म्हणाले. “आपल्याकडे राहू द्या. ऑफिसात लागेल.”

ते आत गेले. पासपोर्टच्या रांगेत त्यांच्यापुढे अकरा जण होते. त्यांचा नंबर येईपर्यंत मी काचेशी उभा होतो. खिडकीतल्या माणसानं पासपोर्ट उघडून त्यांचं नाव विचारलं असावं, कारण मेंगाळ दोन्ही हात सरळ खाली सोडून ताठ उभे राहिले आणि त्यांचे ओठ हलले. काचेतून ऐकू आलं नाही.

घरी आल्यावर मी त्या विमान कंपनीची नियमावली उघडून दोन वेळा वाचली. बरोबर नेता येणार नाहीत अशा वस्तूंची यादी होती. शाईचं पॅड त्यात नव्हतं.